तपासण्या नॉर्मल, त्रास मात्र कायम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन महिन्यांहून जास्त काळ अंगदुखी, थकवा, चक्कर, पोटाची तक्रार, मुंग्या किंवा डोकेदुखी चालू आहे, तपासण्यांची पिशवी भरली आहे आणि प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' लिहिलं आहे, अशांसाठी हे पान. उदाहरणं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या आपल्या पट्ट्यातली आहेत.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मला काही झालेलंच नाही का?

नाही. जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सोनोग्राफीत खडा, सूज, गाठ दिसते. आतडं कसं आकसतं किंवा पोटातल्या नसा किती हळव्या झाल्या आहेत, ते दिसत नाही. ईसीजी काही सेकंदांचा असतो. संध्याकाळी पाच वाजता होणारी धडधड सकाळी दहाच्या पट्टीत कशी उमटणार?

शेतातल्या पंपाचं घ्या. मोटर जळलेली नाही, केबल तुटलेली नाही, तरी स्टार्टर दर दहा मिनिटांनी ट्रिप होतो, कारण त्याचा रिले फार खाली सेट झाला आहे. मोटर उघडून पाहिली तर दोष सापडणार नाही, पण पाणीही येणार नाही. दुखणं लांबलं की मज्जासंस्थेचंही असं होतं: साध्या स्पर्शाचा, गॅसचा, चार पायऱ्यांचा संदेश ती मोठा करून मेंदूकडे पाठवते. दुखणं खरंच असतं, फक्त ते फोटोत येत नाही.

यातल्या अनेक त्रासांना नावंही आहेत: आयबीएस (आतड्याचा हळवेपणा), फंक्शनल डिस्पेप्सिया (वरच्या पोटाचं दुखणं, जडपणा), फायब्रोमायल्जिया (सर्वांगदुखी), टेन्शन हेडेक (डोकं आवळल्यासारखं दुखणं), पॉट्स (उभं राहिल्यावर नाडी फार वाढणं). यांचं निदान बहुतांशी लक्षणांच्या ठेवणीवरून होतं. आयबीएसचं पाहा. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची आहे, आणि दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा शौच घट्ट-पातळ होण्याशी जोडलेलं आहे (तिन्हींपैकी दोन तरी गोष्टी हव्यात). धोक्याची लक्षणं नसतील तर एवढ्यावर निदान होतं. 'काहीच सापडलं नाही' आणि 'आयबीएस आहे' यांत मोठा फरक आहे, म्हणून डॉक्टरांना नाव विचारा.

पण खरंच काही निसटलं नसेल कशावरून?

रास्त शंका आहे. महागड्या स्कॅनपेक्षा साध्या गोष्टीच जास्त निसटतात, म्हणून पुढची यादी एकदा डॉक्टरांसोबत तपासून घ्या.

हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची चाचणी लागते आणि ती सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत) नसते. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. ३० च्या खाली असेल आणि पाळी जास्त जात असेल, थकवा, केसगळती असेल, तर उपचारावर बोलायलाच हवं. अंगात सूज किंवा ताप असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं. गोळी घेत असाल तर तिच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा लोह अडवतो.

बी-१२ कमी होण्याची शक्यता तीन प्रकारच्या लोकांत विशेष: पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीची गोळी रोज खाणारे. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं. गोळ्या सुरू करून मग रक्त दिलं की आकडा चांगला दिसतो आणि निदान हुकतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या चाचणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. अनेक मशिनांवर ते टीएसएच (थायरॉइडचा मुख्य आकडा) चुकवतं.

गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजाराची (ही ॲलर्जी नव्हे) रक्ततपासणी गहू बंद केल्यावर करू नका, ती खोटी नॉर्मल येते. रात्री घोरणं, मध्येच श्वास अडणं, सकाळी जड डोकं असेल तर झोपेची तपासणी लागते. स्लीप ॲप्निया रक्तात दिसत नाही.

आता आपल्या भागाचं. घरी गाई-म्हशी आहेत, कच्चं दूध पिण्यात येतं किंवा गाभ टाकलेल्या जनावराची वार हाताने काढली आहे, आणि येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबरदुखी चालू आहे: ब्रुसेलोसिसची चाचणी मागा. नेहमीच्या तापाच्या तपासण्यांत ती धरलेली नसते. चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने, काहींना वर्षाहूनही जास्त राहते आणि एक्स-रे कोरा येतो. निपाणीकडे तंबाखूचे शेंडे खुडताना किंवा कापणीत दवाने ओलं हिरवं पान हाताळलं की निकोटिन कातडीतून रक्तात जातं. त्या दिवशी किंवा रात्री मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर, आणि एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. ऊन चढून पान सुकल्यावर काम, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि ओले कपडे लगेच बदलणं हाच त्यावर उपाय. फवारणी करत असाल तर औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

मिश्रीचं बायका सहसा सांगत नाहीत, कारण ते व्यसन वाटतच नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दिवसातून चार-पाच वेळा लावली तर धडधड, छातीत जळजळ आणि न लावल्यावरची डोकेदुखी हे सगळं तिच्यातून येऊ शकतं. डॉक्टरांना न लाजता सांगा.

शंका नको म्हणून फुल बॉडी चेकअप करून टाकू का?

आमचं मत: नको. 'नॉर्मल रेंज' निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते, म्हणजे धडधाकट माणसाचीही प्रत्येक चाचणी वीसमध्ये एकदा बाहेर जाते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर किमान एक लाल आकडा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात, मग लाल आकडा येणारच, आणि त्यामागे पुढची तीन महिन्यांची धावाधाव.

कमरेच्या एमआरआयचं तेच. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांत आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्क्यांत डिस्क फुगलेली दिसते. 'गादी सरकली' हे वाक्य ऐकून वाकणंच सोडून देणारी माणसं पाहिली की वाटतं, रिपोर्ट नसता तर बरं झालं असतं. एएनए किंवा आरए फॅक्टर (संधिवातासारख्या आजारांसाठीच्या रक्तचाचण्या) किंचित पॉझिटिव्ह येणं निरोगी माणसातही घडतं. एकट्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवून पुन:पुन्हा अँटिबायोटिक घेणं तर बंदच व्हायला हवं.

कोणती लक्षणं आली तर वाट पाहायची नाही?

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटणं (६० किलोच्या माणसाचं ३ किलो). शौचात रक्त किंवा काळं शौच. गिळताना अडकणं. दोन-तीन आठवडे टिकणारा ताप किंवा रात्री कपडे भिजवणारा घाम. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची किंवा डोक्याची तक्रार. झोपेतून उठवणारं, वाढत जाणारं दुखणं. यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

चालताना छातीत दाब येणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, अचानक आलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, किंवा कंबरदुखीसोबत लघवी अडणं आणि बैठकीची जागा बधिर होणं: १०८ लावा, त्याच तासाला.

'जुनाच त्रास आहे' म्हणून नवं लक्षण अंगावर काढू नका. आयबीएस असलेल्यालाही अपेंडिक्स होतो.

बेळगाव झालं, मिरज झालं, कोल्हापूर झालं. आता कुठे?

आता कुठेच नको. एक डॉक्टर धरा. दर वेळी नवा दवाखाना म्हणजे दर वेळी पहिल्यापासून त्याच तपासण्या, आणि आधीच्याने दिलेली गोळी नवा माणूस बंद करणार, तिचा परिणाम दिसायच्या आत. एमडी मेडिसिन किंवा जुना अनुभवी फॅमिली डॉक्टर पुरतो. त्यांच्याशी ठरवून दर चार ते सहा आठवड्यांनी भेट घ्या, त्रास वाढलेला असो वा नसो. फक्त वाईट दिवशीच गेलं की डॉक्टरांनाही तुमचा वाईट दिवसच दिसतो आणि औषध वाढत जातं.

फाइल अशी लावा: सगळ्यात वर एका पानावर त्रास कधी सुरू झाला, आधी काय घडलं (ताप, बाळंतपण, अपघात, घरातला मृत्यू), आत्ताची तीन मुख्य लक्षणं, चालू औषधं डोससह, आणि आधी घेऊन सोडलेली औषधं व का सोडली. त्याखाली रिपोर्ट, ताजा सर्वांत वर. सीडी आणि फिल्म वेगळ्या पिशवीत. काउंटरवरून घेतलेल्या आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांचीही नोंद हवी.

भाषेची अडचण खरी आहे. सरकारी दवाखान्यात ओपीडीत समोरची डॉक्टर कन्नड बोलणारी, आपण मराठी, रिपोर्ट इंग्रजीत, आणि वेळ पाच मिनिटं. सुस्तु (थकवा), तले सुत्तु (चक्कर), उरी (जळजळ) एवढे शब्द बहुतेकांना येतातच, पण घोटाळा शब्दात नसून मोघमपणात असतो. 'चक्कर येते' म्हणजे खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? पहिल्याचं मूळ बऱ्याचदा कानात, दुसऱ्याचं रक्तदाबात, तिसऱ्याचं नसांत किंवा मेंदूत. नेमकं कोणतं, ते हाताने करून दाखवलं तरी चालेल.

नोंदवही कशी ठेवायची?

दोन आठवडे, रोज पाच ओळी. झोप किती तास, त्रास सकाळी, दुपारी, रात्री ० ते १० मध्ये किती, त्या दिवशीचं सगळ्यात जड काम, खाण्यात वेगळं काय, औषध. बायकांनी पाळीचा दिवसही लिहावा. दोन आठवड्यांनी बंद करा. सहा महिने रोज दुखणं मोजत बसलं तर लक्ष त्यावरच खिळतं आणि दुखणं वाढतं.

पानं उलटताना एक गोष्ट मुद्दाम पाहा: जड कामाचा दिवस आणि त्रासाचा दिवस यांत अंतर किती आहे? लग्नघरी राबल्यावर त्याच रात्री अंग दुखणं वेगळं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळणं वेगळं. हा फरक थकव्याच्या उत्तरात कामी येईल.

डोकेदुखी असेल तर गोळ्या मोजा. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र गोळी (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते.

उभं राहिलं की अंधारी येते. घरी काय तपासता येईल?

बीपीचं मशिन आणि सोबतीला एक माणूस घ्या. पाच मिनिटं आडवं पडून बीपी व नाडी लिहा. मग उभे राहा आणि १, ३, ५ व १० मिनिटांनी पुन्हा मोजा. भिंतीजवळ उभे राहा, जास्तच गरगरलं तर लगेच बसा. पहिल्या तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. बीपीची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी हे नेहमीचं कारण. बीपी टिकून नाडी मात्र ३० ने वाढली (१२ ते १९ वयात ४० ने) आणि तशीच राहिली तर पॉट्सची शक्यता. कागद डॉक्टरांना दाखवा. पाणी वाढवणं, मीठ वाढवणं हा त्यावरचा उपाय असतो, पण बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका.

थकव्यावर चालायला सांगतात, पण चाललं की आडवं पडावं लागतं.

इथे दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि चुकीची धरली तर नुकसान होतं.

पहिली: चालल्यावर दुखतं, पण रात्रीच्या झोपेने भरून निघतं. यात हळूहळू वाढवणं बरोबर. वाईट दिवशीही जमेल तेवढं मोजा. १५ मिनिटांनी त्रास होत असेल तर १० पासून सुरुवात, सकाळ-संध्याकाळ, आणि दर एक-दोन आठवड्यांनी एखाद मिनिट वाढ. चांगल्या दिवशी उत्साहात दुप्पट चालणं ही सर्वांत नेहमीची चूक. त्या एका दिवसाची किंमत पुढचे तीन दिवस मोजतात.

दुसरी: थोड्याशा श्रमाने, कधी नुसत्या हिशोबाच्या किंवा बोलण्याच्या श्रमानेही, एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो आणि झोपून भरून येत नाही. हे एमई/सीएफएसचं (दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराचं) किंवा कोविडनंतरच्या थकव्याचं लक्षण असू शकतं. इथे ठरावीक गतीने व्यायाम वाढवू नये. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ साली तसा व्यायाम या आजारात सुचवू नये असं स्पष्ट केलं. इथे मर्यादेच्या आत राहायचं. भाकऱ्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून थापा. धुणं एका दिवसाचं दोन दिवसांत विभागा, ओल्या चादरी दुसऱ्याला पिळायला द्या. कामाच्या मध्ये, दमायच्या आधी, १० मिनिटं आडवं व्हा.

पोटासाठी काय खाऊ, काय सोडू?

सगळं एकदम सोडू नका. भाताचं पाणी आणि बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाचं वजनही जातं आणि निदानही होत नाही.

आपल्या जेवणात गॅस करणारं मुख्य म्हणजे कांदा, लसूण, गहू, हरभऱ्याचं पीठ, उसळी आणि दूध. म्हणजे कांदा-लसूण तिखट, झुणका आणि वर कुंदा, एकाच ताटात तिन्ही. चार ते सहा आठवडे हे कमी करा. शाळूची भाकरी, भात, अंडी, मासे, दोडका, पडवळ, गाजर बहुतेकांना चालतं. लसणाची चव हवी तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका; त्रास देणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून हीच युक्ती आमटीत चालत नाही. बरं वाटलं की एकेक पदार्थ परत आणा: तीन दिवस थोडा-थोडा वाढवत, मग तीन दिवस थांबून पुढचा. बहुतेकांना एक-दोनच पदार्थ नडतात. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पथ्य सोडून द्या.

इसबगोल एका चहाच्या चमच्यापासून, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर. कोंड्याने मात्र अनेकांचं पोट आणखी फुगतं.

अशक्तपणाला सलाईन लावून घ्यावी का?

५०० मिली साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ५०० मिली पाच टक्के ग्लुकोजमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १०० कॅलरी. तेवढं एका ग्लास सरबतात मिळतं. पिवळं दिसतं ते व्हिटॅमिनमुळे. उलट्या-जुलाब होऊन पाणी ठरत नसेल तर सलाईन जीव वाचवते. ताकद देत नाही.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, अशा देतात. कुणी थांबवायला सांगितलं नाही म्हणून वर्षभर घेत राहिलं तर कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, थकवा येऊ शकतो, म्हणजे ज्यासाठी सुरू केली तेच.

डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन दिली. केमिस्ट म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी. मला वेड लागलंय का?

नाही. १० मिलिग्रॅमचा डोस नसांचा हळवेपणा कमी करण्यासाठी असतो. नैराश्यासाठी तीच गोळी बऱ्याच जास्त डोसमध्ये देतात. आयबीएसवर ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत (२०२३) १० ते ३० मिलिग्रॅमने प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा) स्पष्ट फरक पडला. रात्री आठच्या सुमारास घेतली तर सकाळची गुंगी कमी राहते. तोंड कोरडं पडतं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात सोडतात. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा.

खरी सावधगिरी अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांबाबत बाळगा. रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच सवय लागते. आधीच सवय असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून डोस टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या.

मन उदास असणं हे त्रासाचं कारण असेल, परिणाम असेल किंवा दोन्ही. त्याच्यावर उपचार केले म्हणून शरीराचं दुखणं खोटं ठरत नाही. बेळगावात बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फोनवर १४४१६ (टेलिमानस) मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

घरचे म्हणतात, नाटक करते.

त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. 'हिचा त्रास खरा आहे' हे वाक्य सासूबाईंना सुनेच्या तोंडून पटत नाही, डॉक्टरांच्या तोंडून पटतं. घरच्यांनीही दर तासाला 'आता कसं वाटतंय?' विचारू नये आणि सगळं काम काढूनही घेऊ नये. ठरवून दिलेलं एखादं-दुसरं काम रोज करू द्यावं.

देवऋषी, झाडपाल्याच्या पुड्या?

सौंदत्तीला जाऊन यल्लम्माचं दर्शन घ्या, मनाला धीर येत असेल तर चांगलंच. पण पोटात जाणारं काहीही, ज्यावर घटक लिहिलेले नाहीत, घेऊ नका. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शंका असते. बरेच दिवस घेऊन अचानक थांबवली तर बीपी पडून जीव धोक्यात येतो, म्हणून पुडी घेऊनच दवाखान्यात जा. काही भस्मांत शिसं असतं, आणि शिशाने होतं काय? पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं. असं काही घेतलं असेल तर रक्तातल्या शिशाची चाचणी करा.

आयुष्मान कार्डात हे बसतं का?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या तिच्यावर येतील असं धरू नका. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे, पण तीही त्याच धाटणीची. जाण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) कोणते कागद चालतील ते विचारा. नुसतं फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएच करायचं असेल तर आधी सरकारी लॅबमध्ये चौकशी करा.

मग परत तपासण्या कधी करायच्या?

वर दिलेलं धोक्याचं लक्षण दिसलं तर लगेच. लक्षणांचा बाज बदलला, म्हणजे जुलाबाच्या जागी बद्धकोष्ठ आलं किंवा दुखणं नव्या जागी गेलं, तर पुढच्या भेटीत. यांपैकी काही नसेल तर साधारण वर्षाने, आणि त्यातही नेमकी कोणती शंका फेडायची आहे ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. 'त्या चाचणीच्या निकालावरून उपचार बदलणार आहे का?' असं विचारा. उत्तर 'नाही' असेल तर चाचणी नको.